साठ मेलबॉक्स आणि एक फिल्टर: सीपॅनेलचं एपीआय कुणी वापरलंय का?

शंकासुर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका कारखान्याचं कॉम्प्युटर, नेटवर्क, ईमेल वगैरे मी बाहेरून बघतो. डोमेन शेअर्ड होस्टिंगवर आहे, पॅनेल सीपॅनेलचं (होस्टिंग सांभाळायचं वेब सॉफ्टवेअर), मेलबॉक्स साठच्या आसपास. हल्ली संचालकांच्या नावाने खोट्या मेल फार यायला लागल्यात. नाव साहेबांचं, पत्ता कुठला तरी फुकटातला, आणि मजकूर "अर्जंट पेमेंट आहे, लगेच कर". त्यामुळे मालकांनी दोन फर्मानं काढलीत:

एक, साहेबांच्या नावाने पण बाहेरच्या पत्त्यावरून आलेली मेल प्रत्येकाच्या इनबॉक्सऐवजी वेगळ्या फोल्डरात पडली पाहिजे.
दोन, विषयात "इन्व्हॉइस" असलेल्या मेलची एक प्रत अकाउंट्सला गेली पाहिजे.

पॅनेलमध्ये शिरून साठ वेळा तेच ते क्लिक करायची माझी तयारी नाही. सीपॅनेलचं यूएपीआय (पॅनेलला स्क्रिप्टमधून हुकूम द्यायची सोय, म्हणजेच त्याचं एपीआय) वापरून हे स्क्रिप्टने होतं असं ऐकून आहे. कुणी केलंय का? आणि मुळात असे फिल्टर सर्व्हरवर ठेवावेत की प्रत्येकाच्या आउटलुकात?

मधुमालती

खोट्या संचालकांच्या मेल बाजूला काढता येत असतील तर खऱ्या संचालकांच्याही काढा. कर्मचारी दुवा देतील.

कीबोर्डकर

साठ मेलबॉक्सचा कारखाना अजून शेअर्ड होस्टिंगवर? गूगल वर्कस्पेस घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५. हा प्रश्नच मिटेल.

शंकासुर

@कीबोर्डकर, सुचवून झालंय. माणशी दर महिन्याला पैसे म्हटल्यावर मालकांनी ज्या नजरेने बघितलं ती पाहून विषय तिथेच सोडला. आहे त्यात काय होईल ते सांगा.

खटपट्या

होतं, आणि फार अवघडही नाही. मी तीन-चार गिऱ्हाईकांसाठी हेच करतो.

यूएपीआयमध्ये ईमेल नावाचं मॉड्यूल आहे. फिल्टरचं सगळं त्यातच मिळतं: लिस्ट_फिल्टर्स, गेट_फिल्टर, स्टोअर_फिल्टर, डिलीट_फिल्टर, एनेबल_फिल्टर, डिसेबल_फिल्टर, रीऑर्डर_फिल्टर्स आणि चाचणीसाठी ट्रेस_फिल्टर. सर्व्हरच्या २०८३ पोर्टवर /एक्झिक्यूट/ईमेल/ आणि पुढे फंक्शनचं नाव, असा पत्ता बनतो. सीपॅनेलच्या सिक्युरिटी विभागात "मॅनेज एपीआय टोकन्स" आहे, तिथून टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) काढायचं आणि ऑथरायझेशन हेडरमध्ये "सीपॅनेल", एक जागा, यूजरनेम, विसर्गचिन्ह (:), टोकन असं द्यायचं. टोकन बनवताना एकदाच दिसतं, तेव्हाच नीट जपून ठेवा.

आता स्टोअर_फिल्टर. अकाउंट म्हणजे मेलबॉक्सचा पूर्ण पत्ता, फिल्टरनेम म्हणजे नाव. मग अटी: पार्ट१ (कशात शोधायचं), मॅच१ (कसं जुळवायचं), व्हॅल१ (काय शोधायचं), ऑप्ट१ (पुढच्या अटीशी अँड की ऑर). शेवटी अ‍ॅक्शन१ आणि डेस्ट१. दुसरी अट हवी असेल तर पार्ट२, मॅच२, असं पुढे वाढवत जायचं.

तुमच्या पहिल्या फर्मानाला दोन अटी लागतील. फ्रॉम हेडरमध्ये (पाठवणाऱ्याच्या ओळीत) साहेबांचं नाव "कन्टेन्स", आणि त्याच फ्रॉम हेडरमध्ये आपलं डोमेन "डज नॉट कन्टेन". मध्ये अँड. संचालक दोन असतील तर दोन वेगळे फिल्टर करा, अँड आणि ऑर एकाच फिल्टरात कालवू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच ते वाचता येणार नाही.

मेलबॉक्सची यादी हाताने टाइप करू नका. लिस्ट_पॉप्स मागितलं की सगळे पत्ते मिळतात, त्यावर लूप फिरवायचा, म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी तेच काम स्क्रिप्ट करते. नाव मात्र विचार करून ठेवा, कारण त्याच नावाने परत स्टोअर_फिल्टर केलं तर जुना फिल्टर जाऊन नवा बसतो. लूप दुसऱ्यांदा चालवायचा झाला तर हे सोयीचंच आहे. पण कुणी स्वतःच्या मेलबॉक्सात त्याच नावाचा फिल्टर केलेला असेल तर तो गेला म्हणून समजा. म्हणून मी नावाच्या सुरुवातीला "आयटी-" लावतो.

नळस्टॉप

@खटपट्या, माहिती झकास. पण साठ मेलबॉक्सांवर साठ फिल्टर कशाला? अकाउंट रिकामं सोडलं की फिल्टर अख्ख्या खात्याला लागतो. पॅनेलमध्ये "ग्लोबल ईमेल फिल्टर्स" म्हणतात ते हेच. एका कॉलमध्ये काम होईल.

खटपट्या

@नळस्टॉप, ग्लोबल फिल्टरात फोल्डर निवडायला गेलात तर ते खात्याच्या मुख्य मेल डिरेक्टरीतलं मिळतं, ज्याच्या-त्याच्या मेलबॉक्समधलं मिळत नाही. शंकासुरांना प्रत्येकाच्या मेलबॉक्सात वेगळं फोल्डर हवंय, म्हणून मेलबॉक्सागणिक. मेल नुसती फेकून द्यायची असती तर ग्लोबल चाललं असतं.

नळस्टॉप

मान्य. माझा पास.

पोस्टमनकाका

उशिरा आलो. एपीआयबद्दल खटपट्यांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण एपीआयच्या खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय यात हात घालू नये असं माझं मत.

सीपॅनेल फिल्टर स्वतः चालवत नाही. तो चालवतो एक्झिम. हा मेल सर्व्हर १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी लिहायला घेतला. त्याची स्वतःची फिल्टर भाषा आहे, आणि तुमच्या स्टोअर_फिल्टरने होतं काय, तर त्या भाषेतली एक मजकुराची फाइल लिहिली जाते. फाइल मॅनेजर उघडा, होम डिरेक्टरीत "ईटीसी", त्यात डोमेनचं नाव, त्यात मेलबॉक्सचं नाव, आणि आत "फिल्टर" नावाची फाइल. वर मोठ्या अक्षरांत बजावलंय की हाताने बदलू नका, बदललंत तर पुसलं जाईल. तेव्हा बदलू नका, पण वाचा जरूर. इफ, अटी, देन, कृती, एंडइफ. अर्ध्या मिनिटात कळते.

ती वाचली की काही गोष्टी लक्षात येतात. "रीडायरेक्ट टू ईमेल" निवडलंत की फाइलमध्ये "डिलिव्हर" लिहिलं जातं, आणि एक्झिमच्या हिशेबाने मेल पोचली, काम संपलं. मूळ मेलबॉक्सात प्रत पडत नाही! तुमच्या दुसऱ्या फर्मानात "प्रत" म्हटलंय. नुसतं रीडायरेक्ट लावलंत तर सेल्सची सगळी इन्व्हॉइसं अकाउंट्सकडे जातील आणि सेल्सवाले वाट बघत बसतील. त्यासाठी दुसरी कृती जोडायची: अ‍ॅक्शन२ मध्ये इनबॉक्सात ठेवणे.

दुसरं म्हणजे, एक फिल्टर लागू झाला तरी खालचे तपासले जातातच. थांबायला हवं असेल तर "फिनिश". पॅनेलमध्ये तेच "स्टॉप प्रोसेसिंग रूल्स" म्हणून दिसतं.

आणि "फेल" ही कृती बाहेरच्या मेलवर कधीही लावू नका. फिल्टर चालतो तो मेल सर्व्हरने स्वीकारल्यानंतर. मग नकाराची मेल पाठवावी लागते, आणि ती जाते मेलच्या लिफाफ्यावर पाठवणारा म्हणून लिहिलेल्या पत्त्यावर (फ्रॉमच्या ओळीवर नव्हे), म्हणजे बऱ्याचदा ज्याचा पत्ता चोराने वापरला त्या निरपराध माणसाकडे. असं बरंच झालं की तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत.

मधुमालती

काका, तुमचे प्रतिसाद वाचून मी माझ्या नवऱ्याच्या पॅनेलमधल्या फाइली वाचायला सुरुवात केलीय. त्याला अजून माहीत नाही.

खटपट्या

@पोस्टमनकाका, +१. डिलिव्हरचं मी लिहायला हवं होतं.

अजून एक. पार्टमध्ये जे लिहितो ते डॉलरने सुरू होतं आणि विसर्गचिन्हाने संपतं: "$हेडर_फ्रॉम:". कमांड लाइनवर हे दुहेरी अवतरणात टाकलंत की बॅश (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) डॉलर बघून त्याला व्हेरिएबल समजतो, तसं काही सापडत नाही म्हणून गिळतो, आणि मागे उरतं नुसतं विसर्गचिन्ह. तेव्हा एकेरी अवतरण वापरा. वर यूएपीआयला व्हॅल्यू यूआरएल-एन्कोड करून लागतात, म्हणजे डॉलरच्या जागी टक्का-२४ आणि विसर्गचिन्हाच्या जागी टक्का-३ए. पायथनमधून रिक्वेस्ट केलीत तर लायब्ररी हे स्वतः करते, म्हणून मी बॅश सोडून तिकडे गेलो.

आणि टोकन चुकीचं असताना साठ मेलबॉक्सांचा लूप मोकाट सोडू नका. सीपीहल्क (पासवर्ड तोडणाऱ्यांना अडवणारं सीपॅनेलचं साधन) बसवलेलं असेल तर त्याला वाटतं कुणी पासवर्ड तोडतंय, आणि तुमच्या ऑफिसचा आयपी बंद. पहिल्या चुकीला थांबणारी स्क्रिप्ट लिहा. उत्तरात "स्टेटस" एक आला तरच पुढे, शून्य आला तर "एरर्स" छापून बाहेर.

मांडवीकाठ

पणजीहून. हॉटेलचं रिझर्वेशन सांभाळते. माझा प्रश्न याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारते. आम्हाला मराठीतूनही चौकशीच्या मेल येतात. "मेसेज बॉडीमध्ये 'खोली' हा शब्द असेल तर बुकिंग फोल्डरात" असा फिल्टर मी पॅनेलमधून केला. इंग्रजीतल्या "रूम"ला चालतो, "खोली"ला ढिम्म हलत नाही. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर "युनिकोड सपोर्टेड आहे मॅडम" म्हणून तिकीट बंद केलं.

पोस्टमनकाका

@मांडवीकाठ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला.

विषयात देवनागरी शोधलंत तर मिळेल. विषयाची ओळ प्रवासात सांकेतिक रूपात येते, पण "$हेडर_सब्जेक्ट:" मागितलं की एक्झिम ती उलगडून देतो. सीपॅनेलने बनवलेल्या फिल्टर फाइलच्या वरच्या भागात "हेडर्स कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८" अशा अर्थाची ओळ असते, त्यामुळे अक्षरंही बरोबर जुळतात.

मजकुराचं तसं नाही. "$मेसेज_बॉडी" म्हणजे मजकूर आला तसा, कच्चा. एक्झिम तो उलगडत नाही. देवनागरीतली मेल बहुतेक वेळा बेस६४ मध्ये येते, म्हणजे आत "खोली" हा शब्द नसतोच, रोमन अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ असते. इंग्रजी मजकूर बऱ्याचदा साधाच येतो म्हणून "रूम" सापडतो. वेबमेलमध्ये त्या मेलचा "सोर्स" उघडून बघा, "कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग" या ओळीपुढे बेस६४ दिसेल.

शिवाय "$मेसेज_बॉडी"त सगळा मजकूर नसतोच, सुरुवातीचा तुकडा असतो. एक्झिमचा मूळ ठरलेला आकडा ५०० अक्षरांचा, होस्टिंगवाले तो वाढवू शकतात. एचटीएमएल मेल असेल तर एवढी जागा स्टाइलच्या ओळींतच संपते.

तेव्हा मजकुराच्या फिल्टरचा नाद सोडा. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मला ठराविक विषय द्या, किंवा बुकिंगसाठी वेगळा पत्ता छापा आणि "टू"वर फिल्टर लावा.

मांडवीकाठ

सोर्स पाहिला. बेस६४च! देव बरे करो, काका. फॉर्मचा विषय बदलून घेते.

शेवगा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कीबोर्डकर

काकांनी शेवटी माझाच मुद्दा सिद्ध केला. मराठी मजकूर शोधता न येणारं फिल्टर २०२० नंतरच्या जगात कुणी का वापरावं? आणि सीपॅनेलने २०१९ मध्ये परवाने खात्यांच्या संख्येवर नेले, तेव्हापासून ते स्वस्तही राहिलेलं नाही.

राईनकाठचा राघू

जर्मनीतून. भांडणात तेल ओतायला नाही आलो, पण तिसरा रस्ता आहे. सीव्ह. फिल्टर लिहायची प्रमाणित भाषा, आरएफसी ५२२८ (इंटरनेटचा मानक दस्तऐवज), २००८ ची. डवकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सर्व्हरबरोबर चालते आणि मॅनेजसीव्हने ४१९० पोर्टवरून स्क्रिप्ट चढवता येते. हिच्या बॉडी चाचणीत मजकूर उलगडून तपासायची सोय आहे, त्यामुळे "खोली"सुद्धा सापडेल. प्लेस्कमध्ये (सीपॅनेलसारखंच पॅनेल) राउंडक्यूब या वेबमेलमधून सीव्ह वापरता येतं. आयएसपीकॉन्फिग या पॅनेलमध्ये तर मेलबॉक्सचे फिल्टर रिमोट एपीआयने टाकता येतात आणि त्याची सीव्ह स्क्रिप्ट पॅनेलच बनवतं.

पोस्टमनकाका

@राघू, सीव्ह उत्तम, वाद नाही. पण शंकासुरांचा होस्ट एक्झिमचे फिल्टर देतो. भोसरीच्या मालकांना प्लेस्कवर नेणं म्हणजे कीबोर्डकरांच्या वर्कस्पेसइतकंच अवघड.

दशमी

मी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या सुरक्षा तपासणीचं काम करते. इथे सगळे फिल्टर बनवण्याबद्दल बोलताहेत. मी म्हणेन आधी वाचा. स्टोअर_फिल्टर नंतर, लिस्ट_फिल्टर्स आधी.

कारण सांगते. शंकासुरांनी वर्णन केलेली फसवणूक पुढच्या पायरीला जाते तेव्हा चोर एखादा खरा मेलबॉक्स उघडतो. आत शिरल्यावर तो पासवर्ड बदलत नाही, लगेच कळेल म्हणून. तो गुपचूप एक फिल्टर करतो. विषयात "पेमेंट" किंवा "बँक डिटेल्स" असलेली मेल बाहेरच्या पत्त्यावर, नाहीतर कुणी उघडत नाही अशा फोल्डरात. मग गिऱ्हाईकाशी मधल्या मध्ये पत्रव्यवहार तोच करतो, आणि मेलबॉक्सचा मालक म्हणतो "हल्ली त्यांचं उत्तरच येत नाही". एका तपासणीत मी असा फिल्टर पाहिला, त्याचं नाव होतं नुसता एक टिंब. यादीत डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता. एपीआयच्या उत्तरात मात्र दिसतो.

साठ मेलबॉक्स क्लिक करून कुणी तपासणार नाही. लूपने पाच मिनिटांत होतं. ग्लोबल फिल्टरांची यादी वेगळी काढा, म्हणजे अकाउंट रिकामं ठेवून. फॉरवर्डर्सही बघा, ते फिल्टरात येत नाहीत, त्यांना लिस्ट_फॉरवर्डर्स आहे.

आणि टोकनबद्दल. सीपॅनेलचं टोकन खात्याचे सगळे अधिकार देतं. फक्त फिल्टरांपुरतं टोकन असा प्रकार नाही. फाइली, डेटाबेस, सगळं त्यातून हलवता येतं. काम झालं की रद्द करा, बनवतानाच मुदत घाला, आणि स्क्रिप्टमध्ये लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सहकाऱ्याला पाठवू नका.

खटपट्या

@दशमी, व्हॉट्सअ‍ॅपचं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते मी ओळखलं नाही असं समजतो.

मधुमालती

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

नळस्टॉप

साहेबांच्या नावाने येणाऱ्या मेलला डीमार्क (आपल्या डोमेनच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेल अडवायचा नियम) लावून बंद नाही का होणार?

दशमी

@नळस्टॉप, चोर तुमचंच डोमेन वापरत असेल तर होईल. डीमार्क ("रिजेक्ट" किंवा निदान "क्वारंटाइन"), बरोबर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावी त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही). ते लावायलाच हवं. पण इथे चोर नाव साहेबांचं आणि पत्ता फुकटातला वापरतोय. त्या फुकटातल्या पत्त्याचं डीमार्क व्यवस्थित उत्तीर्ण होतं. तिथे नाव बघणारा फिल्टरच लागतो.

अकाउंट्सला प्रत देताना पत्ता बाहेरचा, म्हणजे सीएच्या जीमेलवर वगैरे असेल तर जपून. मेल तुमच्या सर्व्हरवरून पुढे गेली की मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ मोडतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळलेत. आतल्या आत पाठवणार असाल तर प्रश्न नाही.

शंकासुर

मंडळी, दोन दिवस गायब होतो, कामाला लागलो होतो.

दशमीताईंचं ऐकून आधी यादी काढली. चोर सापडला नाही, पण खरेदी विभागाच्या मेलबॉक्सात एक जुना फिल्टर सापडला. एका पुरवठादाराच्या डोमेनवरून आलेलं सगळं थेट /डेव्ह/नलमध्ये, म्हणजे कायमचं गायब. माझ्या आधी जो माणूस होता त्याने केव्हातरी लावलेला, बहुधा त्यांची जाहिरातपत्रं थांबवायला. आता त्याच पुरवठादाराकडून माल घेतात, आणि खरेदीचे पाटीलसाहेब सांगत होते की हे लोक कोटेशन पाठवायला फोन केल्याशिवाय हलतच नाहीत. ते बिचारे दर वेळी पाठवत होते! फिल्टर डिसेबल केलाय, डिलीट नाही, पुरावा म्हणून ठेवलाय.

मग पहिलं फर्मान. एका चाचणी मेलबॉक्सवर लावलं, ट्रेस_फिल्टरला खोट्या मेलचा मजकूर देऊन पाहिलं, जुळला. मग स्वतःच्या जीमेलला साहेबांचं नाव लावून खरी मेल पाठवली, बरोबर फोल्डरात गेली. फोल्डर आधी सगळ्यांकडे बनवून घेतलं आणि मग लूप. स्क्रिप्ट पायथनमध्ये, नाव "आयटी-साहेब-बाहेरून". फाइल मॅनेजरमधून दोन-तीन फाइली उघडून वाचल्या, काकांनी सांगितल्यासारख्या.

दुसऱ्या फर्मानाला फिल्टर वापरलाच नाही. पुरवठादारांना बिलांसाठी एक वेगळा पत्ता दिला, त्याला दोन फॉरवर्डर, एक सेल्सकडे, एक अकाउंट्सकडे. विषयात "इन्व्हॉइस" लिहितील की "बिल" की "टॅक्स इन्व्हॉईस" यावर भरवसा ठेवायचा नाही, असं मांडवीकाठ यांच्या "खोली"वरून ठरवलं.

एक अडचण उरलीय. मोठे साहेब रविवारी घरून स्वतःच्या जीमेलवरून मेल करतात. त्यांच्या सगळ्या मेल आता संशयिताच्या फोल्डरात जाताहेत.

मधुमालती

म्हणजे माझी पहिली सूचना अमलात आली की.

खटपट्या

तिसरी अट घाला: फ्रॉममध्ये त्यांचा तो पत्ता "डज नॉट कन्टेन". तोच लूप, तेच नाव, जुन्यावर नवा बसेल.

दशमी

शक्यतो घालू नका. फ्रॉममधलं नाव म्हणजे काहीही लिहायची जागा. त्यात साहेबांचं नाव आणि पुढे त्यांचा जीमेल पत्ता असं नुसतं नाव म्हणून लिहिलं तरी "कन्टेन" जुळतं आणि अट फसते. हेच तुमच्या डोमेनच्या अटीलाही लागू आहे म्हणा. दोन्हीकडे पत्ता कोनकंसासकट तपासा, म्हणजे निदान "@डोमेन>" इथवर. सगळ्यात बरं म्हणजे साहेबांच्या फोनवर कंपनीचा मेलबॉक्स टाकून द्या.

शंकासुर

कोनकंस आजच घालतो. फोन साहेब हातात देतील तेव्हा.

शेवगा

डायरेक्टअ‍ॅडमिनवर (हेही एक होस्टिंग पॅनेल) हेच करायचं झालं तर? त्याचा पोर्ट २२२२ असतो एवढंच मला माहीत आहे.

पोस्टमनकाका

@शेवगा, त्याला वेगळा धागा काढा, तिथे पण येतो. आणि या वेळी प्रकाटाआ करू नका.